ब्रेकबाईंची धडधड

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळं शहर ब्रेकबाई म्हणे. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो आणि बाईंचा पाय कायम त्यावर टेकलेला असे. शिकणाऱ्याला समोरची सायकल दिसायच्या आत गाडी थांबलेली असायची. मग बाई शांतपणे विचारायच्या, "काय दिसलं?" उत्तर नाही आलं की त्याच सांगायच्या, "सायकल दिसायला हवी होती."

नवऱ्याने त्यांना तरुणपणी गाडी शिकवायला घेतली होती. तीनच दिवसांत दोघांचं बोलणं बंद झालं. बाई दुसरीकडे जाऊन शिकल्या, आणि शिकवण्याचा धंदा चिडक्या माणसाचा नाही हे नवऱ्याकडे बघून कळल्यामुळे स्वतःच त्यात पडल्या. नवऱ्याचं टायरचं दुकान होतं. तो म्हणायचा, "ही गाडी शिकवते, मी टायर विकतो. तिची माणसं शेवटी माझ्याकडेच येतात."

पन्नाशीच्या आसपास बाईंना धडधडायला लागलं. पहिल्यांदा झालं तेव्हा एक मुलगी वळणावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून बसली होती. गाडी थांबली, मुलगी रडून मोकळी झाली, पण बाईंची छाती काही थांबेना. आत कोणीतरी घाईघाईने दार वाजवत राहावं तसं चाललं होतं. मग एकदम एक जोरदार ठोका पडला आणि सगळं जागच्या जागी आलं. जसं आलं तसं गेलं.

त्यांनी घरी सांगितलं. पण छातीत धडधडलं, धस्स झालं, काळजाचा ठोका चुकला, जीव टांगणीला लागला, असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. ती तक्रार आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. नवरा म्हणाला, "तुझा धंदाच तसा आहे." बाईंनाही ते पटलं. जो माणूस रोज परक्यांच्या हातात स्टिअरिंग देतो, त्याच्या छातीत धडधडणार नाही तर काय होणार?

पुढे एका दुपारी त्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. रेडिओ हळू आवाजात चालू होता. मनात काही नव्हतं. आणि तेच सुरू झालं, तसंच, एकाएकी. बाईंनी टोपली बाजूला ठेवली आणि गळ्याशी हात नेला. बोटांखाली शीर इतकी भरभर उडत होती की मोजता येईना. स्वयंपाकघरात कोणी रिव्हर्स घेत नव्हतं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा घाबरल्या.

"गॅस असेल," नवरा म्हणाला.

बाईंनी गॅसवरचं औषध घेतलं. चहा अर्धा केला. मैत्रीण म्हणाली, हे वयाचं असतं, पाळी जायच्या वेळी होतं असं. हे सगळं खरं असू शकत होतं, म्हणून कोणतंच खोटं ठरलं नाही आणि काही महिने तसेच गेले.

डॉक्टरकडे त्यांना नेलं ते धाकट्या जावेने. धाकटी जाऊ खालच्या मजल्यावर राहायची. स्वभावाने भित्री, फोन वाजला तरी आधी दचकायची, मग उचलायची. तिचा नवरा दौऱ्यावर असायचा आणि बाजारापासून बँकेपर्यंत प्रत्येक गोष्टीला कोणाची तरी मिनतवारी करावी लागायची, त्याला कंटाळून ती त्या वर्षी गाडी शिकायला लागली होती. अर्थात थोरल्या जावेकडेच. स्टिअरिंग ती उतू जाणाऱ्या दुधाचं पातेलं धरावं तसं धरायची.

डॉक्टरांनी सगळं विचारलं. अचानक सुरू होतं की हळूहळू? किती वेळ टिकतं? चक्कर येते का? घरात कोणाला हृदयाचा त्रास? छातीला तारा लावून ईसीजी काढला, रक्त तपासायला लिहून दिलं, त्यात थायरॉइडही होतं. मग ईसीजीची पट्टी बघत म्हणाले, "आत्ता नॉर्मल आहे."

बाई लगेच पर्स उचलायला लागल्या.

"जरा थांबा," डॉक्टर म्हणाले. "धडधड होत नसताना काढलेल्या पट्टीत धडधड दिसणार नाही. पुन्हा सुरू झाली आणि लवकर थांबली नाही, तर ती चालू असतानाच इथे या. शिवाय दोन दिवस अंगावर लावून ठेवायचं एक यंत्र असतं, ते लावून घ्या. आणि धडधडीबरोबर चक्कर आली, शुद्ध गेली, छातीत दुखलं, दम लागला, तर माझ्याकडेही यायचं नाही. अँब्युलन्स बोलवायची. स्वतः गाडी चालवत तर मुळीच जायचं नाही."

बाईंनी मान डोलावली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "नॉर्मल आहे." रक्ताचा रिपोर्टही चांगला आला. यंत्राचं त्या पुढे ढकलत राहिल्या. अंगाला तारा लावून शेजारी बसलं तर शिकणारे बिचकतील, म्हणाल्या.

साधारण महिन्याभराने एका सकाळी दोघी जावा कारखान्यांच्या बाजूच्या रुंद रस्त्यावर होत्या. कारखान्यांची सकाळची पाळी सुरू होऊन गेली होती, त्यामुळे रस्ता मोकळा होता. धाकटीचा तिसरा गिअर पडला होता आणि तिचं तिलाच कौतुक वाटत होतं. शेजारून मात्र कौतुकाचा शब्द येईना.

"वहिनी, चुकतंय का माझं काही?"

"नाही. चालू दे."

"मग काही विचारत का नाही?"

धाकटीने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बाईंचा हात गळ्यावर होता, कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. बघता बघता त्यांचं डोकं काचेला टेकलं आणि पाय ब्रेकवरून घसरला.

धाकटीला नंतर अनेकांनी विचारलं, तेव्हा तू काय केलंस? ती म्हणायची, काही नाही, गाडी थांबवली. एवढंच केलं तिने, पण धड नाही. इंडिकेटर द्यायला गेली तर वायपर सुरू झाले. क्लच दाबायचा राहिला, त्यामुळे गाडी रस्त्याच्या कडेला हिसका देऊन बंद पडली. कोरड्या काचेवर वायपर करकरत राहिले. तिने हँडब्रेक ओढला, फोन काढला, अँब्युलन्सला रस्ता सांगितला आणि बाईंची सीट मागे पाडली.

तोवर दोन-चार माणसं जमली. एकाने पाण्याची बाटली पुढे केली. दुसरा म्हणाला, "अहो, हॉस्पिटल हे काय पुढेच आहे. घ्या की घेऊन गाडी."

बाईंनी डोळे उघडले. क्षणभरच शुद्ध गेली होती. छातीत अजून तेच चाललं होतं. त्या उठून बसायला बघू लागल्या. "सरक. मी चालवते."

"नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, दोन मिनिटांचा रस्ता..."

"वहिनी, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"नॉर्मल म्हणाले."

"ते पहिलं. त्यानंतर बरंच काही म्हणाले. तुम्ही पर्स शोधत होता, मी ऐकत होते." तिने किल्ली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. बाईंनी हात पुढे केला, पण तिने किल्ली दिली नाही. थोरल्या जावेला आयुष्यात पहिल्यांदाच ती नाही म्हणाली होती, आणि ते दोघींनाही जाणवलं.

अँब्युलन्समधल्या माणसाने आधी छातीला तारा चिकटवल्या. पट्टी सरसर बाहेर यायला लागली. तो ती बघून म्हणाला, "बरं झालं चालू असतानाच सापडलं." रक्तदाब पाहिला, दंडात सुई लावली. मग एक रिकामी सिरिंज बाईंच्या हातात दिली. "हिच्या तोंडाशी फुंकायचं, आतला दट्ट्या सरकेल इतक्या जोराने. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

बाईंना वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. तरी फुंकलं. त्याने त्यांना पटकन आडवं केलं आणि दोन्ही पाय वर उचलून धरले. काही झालं नाही. "पुन्हा," तो म्हणाला. दुसऱ्या खेपेला छातीत सगळं एकदम थांबल्यासारखं झालं, इतकं की बाईंनी धाकटीचा हात घट्ट धरला. मग एक ठोका पडला. मग सावकाश दुसरा.

हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या डॉक्टरांनी ती पट्टी टेबलावर पसरून दाखवली. हृदयाला ठोका द्यायला आत विजेसारखा प्रवाह फिरत असतो. बाईंच्या हृदयात त्याच्यासाठी जन्मापासून एक जादा वाट होती. कधीकधी प्रवाह त्या वाटेने परत फिरायचा आणि गोल गोल फिरत राहायचा.

"म्हणजे चौकात शिरला आणि बाहेर पडायचा रस्ता सापडेना," बाई म्हणाल्या.

"तसंच. बहुतेकांना याने जिवाला धोका नसतो. पण तुमची शुद्ध गेली, आणि तुम्ही गाडीत होता. म्हणून हे सोडून द्यायचं नाही."

कोपऱ्यात उभा असलेला नवरा पुढे आला. "मी गॅस म्हणालो होतो."

"बरेच जण म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

उपचार होऊन ते सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही आणि शिकवायलाही बसायचं नाही, असं ठरलं. बाईंना हे आजारापेक्षा जड गेलं. त्यांनी ओळखीच्या एका शिकवणाऱ्याला गाडी दिली आणि स्वतः ऑफिसच्या खोलीत बसून रस्त्यावरच्या खुणा शिकवायला लागल्या. त्रिकोणात बाण म्हणजे काय, लाल गोलात आडवी पट्टी म्हणजे काय. मुलं जांभया देत. बाईही देत.

त्या दिवसांत त्यांना दुसरीच एक सवय लागली. अंथरुणावर पडलं की त्या स्वतःचे ठोके ऐकत. मध्येच एखादा चुकला की उठून बसत. शेवटी त्यांनी डॉक्टरांना विचारलंच. डॉक्टर म्हणाले, एखादा ठोका मागेपुढे होणं, मध्येच एक सुटल्यासारखं वाटणं, हे निरोगी माणसालाही होतं. जागरणाने होतं, चहाने होतं, काळजीने होतं. सारखं व्हायला लागलं, वाढत गेलं किंवा सोबत दुसरा त्रास असला तर दाखवायचं. बाकीच्या वेळी झोपायचं. बाई म्हणाल्या, हे आधी सांगायला हवं होतं. डॉक्टर हसले.

एक गोष्ट मात्र त्यांनी डॉक्टरांना सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. धडधड सुरू झाल्याच्या पहिल्या काही महिन्यांत त्या अनेकदा एकट्या मोठ्या रस्त्याने गाडी घेऊन गेल्या होत्या. एकदा मागच्या सीटवर शेजारची दोन मुलं होती. ते त्यांनी फक्त धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणाली, "झालं नाही ना काही?" बाई म्हणाल्या, "झालं नाही. पण ते माझ्यामुळे नाही."

मांडीतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन डॉक्टरांनी ती जादा वाट भाजून बंद केली. बाई त्या वेळी गुंगीत होत्या पण जाग्या होत्या. वाट बंद करण्याआधी डॉक्टरांनी मुद्दाम धडधड सुरू करून पाहिली तेव्हा त्यांनी "आली, आली" असं ओरडून सांगितलं. नंतर ती कितीही चाळवली तरी येईना. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. मांडीवर मोठा निळा डाग पडला होता आणि भेटायला येणाऱ्या बायका हृदयाचं सोडून त्याचीच चौकशी करत होत्या.

धाकटी पहिल्या परीक्षेत नापास झाली. परीक्षा घेणाऱ्याने वळायला सांगितलं तेव्हा पुन्हा वायपर चालू झाले. दुसऱ्यांदा पास झाली. आता ती स्वतः बाजारात जाते, बँकेत जाते, आणि फोन वाजला की अजून दचकते. डॉक्टरांनी होकार दिल्यावर बाई पुन्हा शिकवायला बसू लागल्या.

बाईंच्या ओळखीतल्या दोघीतिघी या गडबडीनंतर तपासून आल्या. एकीला काहीच निघालं नाही, एकीचा थायरॉइड वाढलेला निघाला. नवरा बरेच दिवस टाळत होता. शेवटी धाकटीनेच त्याला गाडीत घालून नेलं. त्याचा रक्तदाब इतका वाढलेला होता की डॉक्टरांनी दोनदा मोजला. आता तो सकाळी एक गोळी घेतो, आणि टायर बदलून होईपर्यंत गिऱ्हाइकाला बाकावर बसवून शेवटचा रक्तदाब कधी मोजला होता ते विचारतो. काही जण उत्तर देतात, काही जण बाहेर जाऊन उभे राहतात.