लाल, निळा की तपकिरी?

इस्पितळाच्या एक्स-रे विभागात टायपिस्टबाई एकच. डॉक्टर फोटो बघत सांगणार आणि बाई ते टाइप करणार, असं सव्वीस वर्षं चाललेलं. हल्ली निम्मं काम त्या घरूनच करत, हेडफोनवर डॉक्टरांचा आवाज ऐकत.

संध्याकाळी मात्र त्याच हेडफोनवर बंदुका कडाडायच्या. हा ऑनलाइन खेळाचा नाद लावला जावयाने. माणूस अबोल. सासुरवाडीला आला की 'हो' आणि 'नको' यापलीकडे गाडी जात नसे. पण खेळात त्याला कंठ फुटायचा. "आई, मागे बघा! आई, खाली वाका हो!" असं अगदी आदरानं ओरडत तो सासूला वाचवायचा.

एके दिवशी बाईंच्या कीबोर्डाचा स्पेसबार खाली बसला तो उठेचना. तीन हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवून बाई दुकानात गेल्या. टायपिंगला चालेल आणि खेळालाही, असा मेकॅनिकल कीबोर्ड हवा म्हणाल्या.

"लाल, निळा की तपकिरी?" दुकानदाराने विचारलं.

"काळाच द्या. मळ दिसत नाही."

"बाई, वरचा रंग नाही. बटणाखालच्या स्विचचा."

त्याने तीन कीबोर्ड पुढ्यात मांडले. निळ्यावर बोट टेकताच असा खणखणीत आवाज आला की बाईंना टायपिंगचा क्लास आठवला. जीवच जडला. पण यजमान दुपारी त्याच खोलीत आडवे होतात, त्यांचं काय? लाल अगदी मऊ, मुका. नुसतं बोट लागलं तरी अक्षर उमटायचं, आणि एका ओळीत तीन आगंतुक अक्षरं घुसली. तपकिरी धड बोलका नाही, धड मुका नाही. शिवाय बजेटात बसणाऱ्या लालला आकड्यांची वेगळी पट्टीच नव्हती, आणि बाईंचा दिवस तर मिलिमीटर टाइप करण्यात जायचा.

त्यांनी जावयाला फोन लावला.

"आई, लालच घ्या. आणि हॉट-स्वॅप आहे का ते विचारा."

"गरम होतो का हो तो?"

"नाही नाही. स्विच काढून दुसरे बसवता येतात."

"मग आत्ता निवडायचं तरी कशाला?"



तासाभराने डोक्याचा पार भुगा झाल्यावर बाईंनी आकडेवाला तपकिरी उचलला. दुकानाची पायरी उतरतानाच वाटलं, निळा घ्यायला हवा होता. कोपऱ्यावर वाटलं, लाल.

रविवारी जावई आला. त्याने चार ओळी टाइप करून पाहिल्या. "छान आहे हा. मी लाल घेऊन पस्तावलो, आई. नको तिथे बॉम्ब पडतात माझ्या हातून."

"अहो, मग मला लाल का सांगितलात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सगळे तेच सांगतात... आणि तुम्ही पहिल्यांदाच मला काहीतरी विचारत होतात. माहीत नाही असं कसं म्हणणार?"

रागवावं की पाठीवरून हात फिरवावा, बाईंना कळेना. त्यांनी शेजारी खुर्ची ओढली.

"बरं, याच्या बटणांखालचे हे रंगीबेरंगी दिवे कसे बंद करायचे, ते तरी माहीत आहे का?"

"नाही," जावई म्हणाला.

मग दोघंही एकेक बटण दाबत बसले. दिवे हिरवे झाले, जांभळे झाले, पळायला लागले. बंद काही होईनात.