चार हात गॅलरी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळली.

वैशाखातला रविवार होता, गिरणीला सुट्टी. तिनं सकाळी मोरीत गोधडी पायानं तुडवून धुतली आणि आतून हाक दिली, "येतास काय? माझ्यान एकटीन पिळवणा नाय." ते खरंच आहे. भिजलेली गोधडी एका माणसाला पिळता येत नाही. एक टोक तिनं धरलं, एक मी. ती फिरवेल त्याच अंगाला मीही फिरवायचो आणि पीळ बसायचाच नाही. दरवर्षी हेच. दरवर्षी तिचं बोलणंही तेच, "गिरणीत साचे दोन दोन सांभाळतास, आणि हयसर डावा-उजवा कळणा नाय?"

मग पीळ बसला. पाणी मोरीत पडलं. पिळता पिळता ती म्हणाली, "झाली मा आता तुमची बारा वर्सां? आता तरी तो आडोसो काढा."

मी म्हटलं, "आज वकिलाकडं चाललोय. कागद होऊ दे, मग बघू."

"कागद झालो म्हणान काय वारो जास्ती येतलो?"

आम्ही गोधडी कठड्यावर टाकली. गोधडी पाच हात, आमची जागा चार हात, म्हणून दुमडून टाकावी लागली. तिनं हात झटकले, म्हणाली खांदा भरून आलाय. मी टोपी घातली आणि निघालो.

त्यानंतर ती गोधडी मी कधी धुतली नाही.

आता आडोशाचं सांगतो. मला लिहायचं जमत नाही, तिसरीत शाळा सुटली. पण चाळीत अजून लोक येऊन विचारतात, काका, बारा वर्षं कब्जा असला की जागा आपली होते ना? त्यांना एकदाच काय ते सांगून टाकावं म्हणून बसलोय.

आमची चाळ परळला, भोईवाड्याच्या अंगाला. दुसऱ्या मजल्यावरची अगदी शेवटची खोली आमची. आमच्या दारापुढं गॅलरी संपते, पुढं नुसता कठडा. तिथनं कुणाला कुठं जायचं नसतं. वरळीकडचा वारा मात्र पहिला तिथं येतो. म्हणून दुपारी बायका तिथंच बसायच्या. त्यातली एक माझी, एक शेजारची. दोघी कोकणातल्या, एकमेकींपासून दोन कोसांवरच्या गावांतल्या. ती गोधडी त्या दोघींनीच तिथं बसून शिवली. अर्धी ठिगळं हिच्या लुगड्याची, अर्धी तिच्या. आम्हाला मूलबाळ झालं नाही. शेजारणीची तीन पोरं आमच्याच खोलीत वाढली म्हटलं तरी चालेल.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी वैशाखात मी गिरणीत मशीनच्या खोक्याच्या फळ्या मागून आणल्या आणि गॅलरीचं ते टोक बंद केलं. गावाहून कोणी ना कोणी सारखं यायचं, निजायला जागा पुरायची नाही. माझ्या मनात वाईट नव्हतं. पण शेजाऱ्याला विचारलं नाही, ही गोष्ट खरी. तो पाळीवरून आला, फळ्या बघितल्या आणि म्हणाला, "विचारलं असतंस तर हातोडा मी धरला असता."

मी म्हटलं, "माझ्या दारासमोर मी काय करावं ते तुला विचारू?"

"दार तुझं. गॅलरी तुझ्या बापाची?"

बाप काढला, तिथं संपलं. मारामारी झाली. पोलिसांनी दोघांनाही भोईवाड्याच्या कोर्टात उभं केलं आणि सहा महिने भांडणार नाही असं लिहून घेतलं. साहेबानं विचारलं, किती जागेचं भांडण? मी सांगितलं, चार हात. साहेबानं माझ्याकडं बघितलं, शेजाऱ्याकडं बघितलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

त्या कोर्टाबाहेर एक अर्ज लिहिणारा बसायचा. त्यानं माझ्या कानात घातलं. म्हणाला, लेखी काय नाही ना? मग गप्प बस. बारा वर्षं कब्जा सोडू नको. बारा वर्षं पुरी झाली की कायद्यानं जागा तुझी. पण ध्यानात ठेव, दुसऱ्याला एकदा जरी वापरू दिलीस, एकदा जरी त्याची परवानगी मागितलीस, तरी कब्जा तुटला. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

माणूस शिकलेला, नाकावर चष्मा. मी त्याचं बोलणं देवाचं धरलं. घरी येऊन आडोशाच्या दाराला आतून कडी बसवली आणि तिला ताकीद दिली. मी नसताना कडी लावून ठेवायची. शेजारणीला आत घ्यायचं नाही. तिचा तांब्यासुद्धा इथं टेकता कामा नये. तिच्या गॅलरीत जाऊन बसायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर उद्या ती म्हणेल आमचं येणंजाणं होतं. ती म्हणाली, "अहो, ती माझी बहीण आसा." मी म्हटलं, बहिणी गावाला. इथं कब्जा.

दर वैशाखात मी आतल्या बाजूच्या फळीवर खिळ्यानं एक रेघ ओढायचो. ती बघायची. आधी आधी रडायची, मग ते पण बंद झालं. मला वाटलं, सवय झाली.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरण्या बंद, रोज सभा, रोज मोर्चा. मी जायचो, शेजारीही जायचा. एकाच चाळीतून निघायचो, रस्त्याच्या दोन बाजूंनी चालायचो. एकदा लालबागला अश्रुधूर सुटला. डोळे मिटून पळत एका गल्लीत शिरलो, भिंतीला टेकून बसलो. बाजूनं कोणीतरी ओलं फडकं माझ्या हातात दिलं. डोळे पुसून बघतो तर तोच. मी फडकं परत दिलं. त्यानं आपले डोळे पुसले. दोघं तिथं बसून राहिलो, बाहेर पळापळ चाललेली. मी तोंड उघडणार होतो. मग मनात आलं, अजून तीन वर्षं राहिली. उठलो आणि निघालो.

घरी येऊन हे तिला सांगितलं, उगाच मोठेपणानं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुंबय सगळ्यांची म्हणान आराडत फिरतास, आणि ही चार हात गॅलरी तेवडी तुमची एकट्याची?"

मी हसलो. तिला त्यातलं काय कळतंय, असं वाटलं मला.

तर त्या रविवारी बारावी रेघ ओढून चार दिवस झाले होते. गिरणीतल्या माझ्या खात्यातल्या एकाच्या ओळखीनं दादरच्या एका वकिलाची वेळ मिळाली होती. मला जागा तिच्या नावावर करायची होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं. बारा वर्षं तिला त्रास दिला, तर निदान कागद तिच्या नावाचा व्हावा, असं मनात होतं.

वकील घरच्या बाकावर बसून ऐकत होता. सगळं ऐकल्यावर त्यानं एकच विचारलं, "खोली तुमच्या मालकीची?"

"नाही. भाड्यानं."

"मग झालं. भाडेकरूनं बारा वर्षं काय, बावन्न वर्षं अडवली तरी मालकाची जागा त्याची होत नाही. आणि गॅलरी तर सगळ्यांच्या वापराची. उद्या मालकानं किंवा म्युनिसिपाल्टीनं नोटीस दिली तर तुम्हालाच काढावी लागेल. बारा वर्षांचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी सांगितलं, कोर्टाबाहेरच्या माणसानं.

तो हसला नाही. चांगला माणूस होता. म्हणाला, "ते आहे कायद्यात. पण ते तुमच्यासाठी नाही."

हिंदमाताच्या बाजूनं चालत परत आलो. ऊन मी म्हणत होतं. तिला काय सांगायचं, ते रस्ताभर जुळवत होतो. ती म्हणेल, बारा वर्सां फुकट. मी म्हणणार होतो, हो, फुकट. आज संध्याकाळी आडोसा काढतो, तुझ्या बहिणीला चहाला बोलव. पुन्हा पुन्हा तेच मनात घोकलं. बरं पण वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

जिन्यातच लोक उभे. मला बघून बाजूला झाले. गॅलरीत शेवटपर्यंत माणसं, आणि आमच्या आडोशाच्या दोन फळ्या मोडून आत पडलेल्या.

झालं ते असं. शेजारणीनं कळशी पडल्याचा आवाज ऐकला. हाका मारल्या. आतून ओ नाही. कडी आतून लावलेली, मी सांगून ठेवल्याप्रमाणं. तिनं नवऱ्याला उठवलं, त्यानं दार ठोठावलं, हलवलं, मग खांदा देऊन फळ्या फोडल्या. ही मोरीच्या उंबऱ्याशी पडली होती. तेव्हा शुद्ध होती. डॉक्टर आला तेव्हा नव्हती. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी त्याला विचारलं, आधी दार उघडलं असतं तर? तो बॅग बंद करत म्हणाला, "सांगता येत नाही." ते मी आजपर्यंत माझ्यापाशी ठेवलंय. हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

शेजारी भिंतीला पाठ लावून उभा होता. खांद्यावर सदरा फाटलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, "फळी मी तोडली. पोलिसात जायचं असेल तर जा."

बारा वर्षांनी त्यानं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. त्याला खरंच वाटत होतं की मी जाईन. अशी मी माझी ओळख करून ठेवली होती.

शेजारीण तिच्या उशाशी बसली होती. मी विचारलं, "काही बोलली?"

"बोलली मा. म्हणाली, गोधडी परतून घाल गो, आतसून ओली ऱ्हवतली."

"आणखी?"

"तुमी इलास काय, म्हणान विचारल्यान."

मी खाली बसलो. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावोजी, आता खोटा कित्याक सांगू? आमी रोज बोलत होतव. तुमी पाळीवर गेलास काय ती त्या भोकाकडे येऊन बसत होती."

फळीत लाकडाच्या गाठीचं एक भोक होतं, रुपयाएवढं. मी एकदा त्यात चिंधी कोंबली होती. दुसऱ्या दिवशी चिंधी नव्हती, मला वाटलं उंदरानं नेली. त्या भोकातून ह्या दोघी बारा वर्षं बोलत होत्या. शेजारच्या पोरीचं लग्न, बाळंतपण, सगळं हिला ठाऊक होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. अर्जवाल्याच्या हिशेबानं माझा कब्जा पहिल्याच आठवड्यात तुटला होता.

दिवस मावळायच्या आत भोईवाड्याच्या स्मशानात तिला पोचवून आलो. पुढून खांदा शेजाऱ्यानं दिला. त्याचा तो खांदा सुजलेला होता. मी म्हटलं, दुसरं कोणी देईल, तर म्हणाला, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या नळावर गडबड सुरू झाली तेव्हा मी हातोडा काढला. खिळे गंजलेले, ओढताना किंचाळत होते. चाळीतली माणसं दारांत आली. रेघांची फळी निघाली. मग भोकाच्या फळीशी आलो. त्या भोकाची कड माझ्या बाजूनं खरबरीत होती तशी राहिली नव्हती, हात लागून गुळगुळीत झाली होती. मी त्यातून पलीकडं बघितलं. शेजारणीचा पाट दिसला, भिंतीला लावून ठेवलेला, बरोबर भोकाच्या खाली.

शेवटचा खांब उपटल्यावर वारा आला. सरळ आत शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेला.

गोधडी कठड्यावर तशीच होती, कालची, दुमडलेली. गडबडीत परतून घालायची राहूनच गेली होती. आतून ओली होती, वास यायला लागला होता. मी ती उलगडली. पाच हात गोधडी पुरी पसरली तर एक हात शेजाऱ्याच्या कठड्यावर जात होती. तिथं त्यांचं धुणं वाळत होतं. शेजारीण बाहेर आली, आपली कापडं बाजूला सरकवली आणि आत गेली.

मी गोधडी परतून घातली.