अबू नायफचा रिकामा कप

अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्ट रुदैना शिरली की नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या पडत. घशात नळी असलेल्या माणसाला ही पलंगावर उठवून बसवते!

"मेलेल्यालाही पडून राहू देणार नाहीस तू," एका म्हातारीनं तिला सुनावलं होतं. रुदैना ऐकून घेई. निजून राहिलेलं शरीर किती लवकर झिजतं, हे तिनं आपल्या वडिलांच्या पायांवर पाहिलं होतं.

अबू नायफ न्यूमोनियानं आला आणि व्हेंटिलेटरवर गेला. मआन शहराबाहेर वाळवंटातल्या आपल्या तंबूत गावाला कॉफी पाजणारा धिप्पाड माणूस. आता मूठही वळेना. शुद्ध येई-जाई. रबरी चेंडू त्याच्या हातातून घरंगळे. म्हणून तिनं घरून बिनदांडीचा छोटा कप आणला.

"घ्या काका. कॉफी नाही, पण वाढणारी तर आहे."

बोटं वळली. पुढं एका सकाळी मनगटही हललं, कप डावीउजवीकडे डुलला. रुदैनाचा चेहरा उजळला, तोच पलंगाशी उभा असलेला त्याचा मुलगा नायफ पांढराफटक पडला.

"ताई, काढ तो कप."

"अरे, मनगट हललं त्यांचं!"

"बैठकीत पाहुण्यानं कप हलवला, तर काय समजतेस? बाबा पुरे म्हणतायत. आणि तू ओततेच आहेस."

दमलेल्या स्नायूचा कंप की शब्द? त्या दिवशी तिनं म्हाताऱ्याला बसवलं नाही. घरी चहा पितानाही तिचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे जात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कप पुन्हा त्याच्या हाती दिला. "काका, पुरे असेल तर हलवा. मी परत येणार नाही."

म्हाताऱ्याचे डोळे आज स्वच्छ होते. कप हलला नाही. त्यानं तो हळूच समोरच्या टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतला.

"न पिता ठेवला. काहीतरी मागणं आहे," नायफ पुटपुटला.

न पिता कप ठेवणाऱ्या पाहुण्याला काय म्हणायचं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं: प्या, तुमचं काम झालं समजा. म्हाताऱ्यानं नळीकडे पाहिलं, मग दाराकडे. नळी काढा, घरी न्या. व्हेंटिलेटर काढला तर तो श्वास घेईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

"दार माझ्या हातात नाही, काका. दाराकडे तोंड करून बसवणं तेवढं आहे."

तिनं त्याच्या पाठीखाली हात घातला. क्षणभर थांबून नायफनं दुसरा खांदा धरला. कप टेबलावर तसाच राहिला.