पाण्यातलं लाकूड

एकोणीसशे नव्वदनंतरचा तो एक उन्हाळा. उजनीचं पाणी मागं सरलं की बुडालेली जुनी झाडं उघडी पडायची. इंदापूरच्या बाजूनं मी बाभळीच्या मुळाचा एक वाळलेला वाकडा तुकडा आणला. घरात काचेच्या पेटीत बायकोनं मासे पाळले होते, त्यांना लपायला आडोसा पाहिजे होता.

सकाळी मी साल खरवडली. तिनं किडे मरावेत म्हणून मोठ्या पातेल्यात लाकूड उकळलं. मग टबात सोडलं, तर ते तरंगायला लागलं.

“तुमच्यावानीच हाय. सांगून खाली बसत न्हाय,” ती म्हणाली आणि तिनं वरून वरवंटा ठेवला. “चहावानी रंग सुटतोय. सुटायचा थांबंस्तवर रोज पाणी बदलायचं. इसरू नका.”

दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी छातीत कळ आली आणि ती गेली.

तिला घरातून नेल्यावर बायकांनी रीतीप्रमाणं साठवणीचं सगळं पाणी ओतून दिलं. टबही पालथा केला. मासे जिवंत म्हणून काचेची पेटी तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूड अंगणात कोरडं पडलेलं दिसलं. मी टब भरला आणि लाकूड आत सोडलं. ते परत वर आलं.

शेजारची म्हातारी म्हणाली, “तात्या, सुतकात हे काय काढलंय?”

“पाणी बदलायचं हाय,” मी म्हणालो, आणि वरवंटा आणून लाकडावर ठेवला.