तहसीलदारसाहेबांचे सोनेरी मासे

"पाण्यात काय टाकलंस ते बोल, नाहीतर पोलिसात देतो!"

तहसीलदारसाहेब ओरडत होते. पाणक्या सटवाजी खांद्यावर कावड तशीच धरून उभा होता.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी वसमतच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. साहेबांनी हैदराबादहून काचेची पेटी आणि सात सोनेरी मासे मागवले होते. ते मासे त्या सकाळी पाण्याबाहेर तोंडं काढून धापा टाकत होते. विषाचा संशय, आणि डॉक्टर दौऱ्यावर. म्हणून मला बोलावणं आलं.

"इख न्हाई टाकलं, मायबाप," सटवाजी म्हणाला. "नदीचं पानी गढूळ. मासे दिसंनात. म्हनून तुरटी फिरवली."

"किती?" मी विचारलं.

"मुठीएवढा खडा. मंग तसाच आत ऱ्हायला."

मी खिशातून लिटमस काढला. लघवी तपासायला आम्ही हा कागद ठेवायचो. निळा कागद तांबडा झाला, म्हणजे पाणी आंबट झालेलं. आता हे पीएचच्या आकड्यात मोजतात. माझ्याजवळ दोनच रंग होते.

आंबटावर उतारा चुन्याची निवळी. दूध ओकणाऱ्या लेकरांना आम्ही ती चमच्यानं देत असू. मी दवाखान्यातून अख्खी बाटली आणली.

"कंपोंडरसाब, घाई काहून करता?" सटवाजी हळूच म्हणाला. "हिरीचं पानी लोटा-लोटा घालू. आमच्या हिरीत चुनखडी हाय, तितं मासे बराबर जगून राहिले."

"तू गप रे," मी म्हणालो आणि बाटली पेटीत उपडी केली.

तांबडा कागद क्षणात निळा झाला. मी तो ऐटीत साहेबांना दाखवत होतो, तेवढ्यात एक मासा आडवा झाला. मागोमाग दुसराही पोट वर करून तरंगू लागला.

"बघा, याच्या तुरटीनं मेले! उद्यापासून हा फाटकाच्या आत दिसता कामा नये," साहेब कडाडले.

सटवाजीचं घर या एका कावडीवर चालत होतं. तो नुसता माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत राहिला. मी गप्प बसलो असतो तर सहज सुटलो असतो. खरं सांगतो, क्षणभर तसं मनात आलंही. साहेबांच्या एका चिठ्ठीनं माझी नोकरी गेली असती.

"साहेब, तुरटीनं ते आजारी पडले. मारले मी. पाणी एकदम पालटलं, ते त्यांना सोसलं नाही. सटवाजीनं मला अडवलं होतं."

साहेब पेटीवर वाकले. "मग आता?"

"आता सटवाजी सांगेल तसं."

दर पाव तासानं पेटीतलं एक लोटा पाणी बाहेर, विहिरीचं एक लोटा आत. तळाशी चुनखडीचे चार खडे. पाणी आंबट होऊ लागलं की हा खडा थोडा विरघळतो, एरवी नुसता पडून राहतो. दुपारभर आम्ही दोघं पेटीपुढून हललो नाही. दिवेलागणीला उरलेले पाच मासे तळाशी जाऊन पोहू लागले.

सटवाजीचं काम टिकलं, वर पेटीही त्याच्याच ताब्यात गेली. माझ्याकडून लेखी जबाब घेतला गेला.

औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून मात्रेच्या खुणा करणं हे माझं रोजचं काम. लवकर बरं वाटावं म्हणून कुणी सगळी बाटली एकदम प्यायलं, की मी त्याला चारचौघांत झापायचो. त्या दिवसापासून झापणं बंद केलं. नुसती पट्टीवरची खूण बोटानं दाखवून सांगायचो, "एवढंच. घाई करू नका."