ओले बूट, थंड इंजिन

आमची पोस्टिंग स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील एका ट्रेनिंग कॅम्पवर सहा आठवड्यांसाठी होती. काम साधे होते. वर डोंगरात सराव करणाऱ्या तुकड्यांना रोज सकाळी रेशन, पाणी आणि इंधन पोहोचवायचे. कॅम्पवर तीन डिझेल ट्रक होते. त्यांपैकी दोन नंबरच्या ट्रकवर विंच होती, म्हणजे घसरलेली गाडी तारेने ओढून काढण्याचे यंत्र. याशिवाय एक हलकी फोर-बाय-फोर होती. मी सार्जंट, व्हेइकल मेकॅनिक. या गाड्या सकाळी सुरू झाल्याच पाहिजेत, ही माझी जबाबदारी होती.

सैन्यात येण्यापूर्वी मी नगर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत तीन वर्षे विज्ञान शिकवले होते. पुढे बर्मिंगहॅमला आलो आणि राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून इथल्या लष्करात भरती झालो. फळा सुटला, शिकवण्याची सवय सुटली नाही. म्हणून आधी थोडे इंजिनाविषयी सांगतो. त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. कडाक्याच्या थंडीत इंजिनाचे लोखंड ही उष्णता शोषून घेते, ऑइल काकवीसारखे घट्ट होते, आणि बॅटरीची ताकद नेमकी त्याच वेळी घटते. यावर उपाय म्हणजे ब्लॉक हीटर. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेली ही विजेची छोटी कॉइल आतले कूलंट कोमट ठेवते. संध्याकाळी ट्रकची केबल भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायची आणि सकाळी काढायची. एवढे केले की उणे पंधरातही ट्रक पहिल्या सेल्फला सुरू होतो.

कॉर्पोरल ग्रेग हॅल्टन आमचा सीनियर ड्रायव्हर होता. वय एकतीस, मूळचा मँचेस्टरचा. रोज सकाळी पाच वाजता तो गॅरेजमध्ये येई, उजव्या हाताचा ग्लव्ह काढी आणि तिन्ही ट्रकच्या ब्लॉकवर क्रमाने तळहात ठेवी. मग म्हणे, "वन वॉर्म. टू वॉर्म. थ्री वॉर्म." त्यानंतर चहा. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. त्याचे वडील बस डेपोत फिटर होते, त्यांच्याकडून आले असावे.

मला ही पद्धत अपुरी वाटली. हात ठेवल्याची नोंद राहत नाही. दुसऱ्या आठवड्यात मी एक चेकशीट तयार केली. संध्याकाळी सहा: केबल जोडलेली आहे. सकाळी पाच: केबल जोडलेली आहे. पुढे टिक, वेळ, सही.

हॅल्टनने कागद उलटसुलट करून पाहिला. "टीच, यात गृहपाठ पण आहे का?" सगळे मला टीच म्हणत.

"आहे. रोज दोनदा."

"आणि माझा हात?"

"खिशात ठेव. एका कामाला दोन माणसं नकोत."

तो हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने हात लावणे बंद केले. तो शिस्तीचा माणूस होता. सांगितलेले ऐकत असे.

चौथ्या आठवड्यातील बुधवारी आम्ही दिवसभर बर्फाच्या चिखलात रस्ता मोकळा करत होतो. ओले कपडे वाळवायची खोली दुसऱ्या तुकडीच्या कपड्यांनी भरलेली होती. तेव्हा कोणीतरी गॅरेजच्या भिंतीशी एक फॅन हीटर लावला आणि आम्ही सर्वांनी आपले ओले बूट त्याच्यासमोर रांगेत ठेवले. त्या रांगेत माझेही बूट होते. मी सहा वाजता तिन्ही केबल पाहिल्या, टिक केली, सही केली.

फॅन हीटर आणि तीन ब्लॉक हीटर एकाच लाइनवर होते. भार पेलला नाही आणि ब्रेकर ट्रिप झाला. केव्हा, ते कोणालाच कळले नाही. सॉकेटवर दिवे नव्हते आणि छतावरचे दिवे वेगळ्या लाइनवर होते.

गुरुवारी सकाळी ०४:५० ला मी बूट पायात घातले. ते ओले होते. आतून बर्फासारखे गार. माझ्या मनात आले, कोणीतरी हीटर बंद केलेला दिसतो. तेवढेच मनात आले. ०५:०० ला मी तिन्ही केबल पाहिल्या. तिन्ही सॉकेटमध्ये घट्ट होत्या. टिक केली, सही केली.

हॅल्टन फोर-बाय-फोर घेऊन निघण्याच्या तयारीत होता. वरच्या चौकीवर रेडिओच्या बॅटऱ्या पोहोचवायच्या होत्या. ती गाडी आतल्या, ऊबदार शेडमध्ये असे. निघताना त्याने ट्रककडे बोट केले.

"हात लावू का, टीच?"

"शीट झाली आहे. तू नीघ."

"येस, सर. मास्तरांची सही झाली म्हणजे गाडी घाबरूनच सुरू होणार."

त्याच्यासोबत लान्स कॉर्पोरल बेथ ओवेन होती. ती वेल्सची, आमची सिग्नलर, म्हणजे रेडिओ सांभाळणारी. ०५:४० ला दोघे निघाले.

०६:२२ ला ओवेनचा आवाज रेडिओवर आला. रेडिओवर झीरो म्हणजे कॅम्प आणि थ्री वन म्हणजे त्यांची गाडी.

"झीरो, थ्री वन. गाडी ओढ्यात. ब्लॅक आइस. मी बाहेर आहे. हॅल्टन अडकलाय. ओव्हर."

"थ्री वन, झीरो. जखमी किती? ओव्हर."

"एक. पाय गाडीखाली. कमरेपर्यंत पाण्यात. शुद्धीवर आहे. विंच पाठवा. ओव्हर."

ब्लॅक आइस म्हणजे रस्त्यावरचा डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा थर. अंतर नऊ मैल. विंचचा ट्रक अर्ध्या तासात पोहोचला असता. हेलिकॉप्टर मागवले, ढग खाली उतरले होते, ते येऊ शकले नाही. फायर सर्व्हिसची गाडी घाटापलीकडे बर्फात थांबली होती.

०६:२६ ला मी विंचच्या ट्रकची केबल काढली आणि सेल्फ मारला. इंजिन एकदा जडपणे फिरले, दुसऱ्यांदा त्याहून जड, आणि थांबले. मी खाली उतरलो, ग्लव्ह काढला आणि ब्लॉकवर हात ठेवला. कातडी लोखंडाला चिकटली.

पहिला ट्रक थंड. तिसराही थंड. तेव्हा मला बूट आठवले.

ब्रेकर वर करायला दोन सेकंद लागले. परंतु एवढे लोखंड तापायला तास लागतो. ते कोणाच्या आदेशाने लवकर तापत नाही. बूस्टर बॅटरी लावली. कामाचा गरम हवेचा ब्लोअर इंजिनाखाली ठेवला. किटलीतले उकळते पाणी फडक्यांवर ओतून ती फडकी फ्युएल फिल्टरला गुंडाळली. दरम्यान मेडिक आणि चार जवान कॅम्पच्या एका कारने पुढे गेले. ०७:०१ ला ते पोहोचले. गाडी उचलणे पाच माणसांच्या ताकदीबाहेरचे होते. ओवेन पाण्यात बसून हॅल्टनचे डोके मांडीवर धरून होती. रेडिओचा हँडसेट तिच्या खांद्याला होता.

०७:१० ला तिने विचारले, "झीरो, विंच कुठे आहे? ओव्हर."

मी स्वतः उत्तर दिले. "सुरू करतोय. ओव्हर."

थोड्या वेळाने हॅल्टनचा आवाज आला. शब्द जड होते. "टीच... टू वॉर्म का?"

मी म्हणालो, "होतोय. जागा राहा."

०७:३४ ला विंचचा ट्रक सुरू झाला. ०७:५२ ला, आम्ही वाटेत असताना, ओवेनने रेडिओवर हॅल्टन गेल्याची वेळ सांगितली. ०८:०४ ला आम्ही पोहोचलो आणि गाडी उचलली. त्याला चार मिनिटे लागली.

चौकशी झाली. चेकशीट पुराव्यात ठेवण्यात आली. सर्व टिक जागेवर, सर्व सह्या जागेवर. कार्यपद्धतीचे पालन झाले होते, असा निष्कर्ष निघाला, दोष वायरिंगचा. मला विचारले गेले त्याची मी खरी उत्तरे दिली. बुटांविषयी कोणी विचारले नाही.

शाळेत मी मुलांना शिकवत असे: एखादे उपकरण बंद पडले, तर आधी त्या लाइनवर आणखी काय आहे ते पाहा. सातवीच्या मुलाला हे उत्तर आले असते.

तीन महिन्यांनी मी मँचेस्टरला हॅल्टनच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट टेबलावर काढून ठेवला होता.

"यात लिहिलंय, कुणाची चूक नाही."

"यात बूट नाहीत," मी म्हणालो, आणि सगळे क्रमाने सांगितले.

त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. "ग्रेगने हात लावला असता."

"हो."

"आणि तुम्ही नको म्हणालात."

"हो."

ते मला दारापर्यंत सोडायला आले. "सांगायला आलात, ते बरं केलंत. आता पुन्हा येऊ नका."

मी पुन्हा गेलो नाही.

सध्या मी लंडनजवळ स्लाऊच्या एका ट्रक डेपोत काम करतो. इथली थंडी सौम्य असली, तरी जानेवारीत केबल लावाव्या लागतात. माझा सहकारी साळवे नागपूरचा आहे. गेल्या हिवाळ्यात मला पाहून तो म्हणाला, "कदम सर, गाडीला ताप आलाय का? रोज कपाळावर हात ठेवता! ॲप दाखवतंय ना हिरवं."

"ॲपला हात नसतो," मी म्हणालो, आणि त्याला हॅल्टनविषयी सांगितले. जेवढे इथे लिहिले आहे तेवढेच.

आमच्या डेपोत सकाळी अकरा ट्रक उभे असतात. मी ग्लव्ह काढतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. दुसऱ्या ट्रकवर हात इतरांपेक्षा जास्त वेळ राहतो. तो गरम असला, की मी तसे मोठ्याने सांगतो.