खंडेनवमीची लारी

बेळगावच्या मोटार-अड्ड्यावर सर्व्हिस मोटार सुटण्याची एक ठरलेली वेळ असते आणि एक खरी वेळ असते. या दोहोंच्या मधल्या काळात मी कुंद्याचा (दूध आटवून केलेल्या इथल्या मिठाईचा) पुडा विकत घेतला आणि मोटार हलली तेव्हा तो निम्मा संपला होता.

शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर पत्र्याची जड पेटी होती. टपावर ठेवा म्हणून क्लीनरनं सांगताच त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसऱ्यांच्या सामानाकडे वळला. हे हुसेन मिस्त्री. छावणीजवळ त्यांचं मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान. महायुद्धात ते इराकातल्या बसऱ्याला लष्करी लाऱ्या चालवत होते आणि त्यांच्या सांगण्यावरून पाहता साम्राज्याचा तिकडचा निकाल त्यांच्यावरच अवलंबून होता.

"मी पोचलो न्हवतो तवर काय सुद्दीक हलत न्हवतं बघा," ते म्हणाले.

आम्ही दोघं एकाच घरी निघालो होतो. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी गुंडाप्पा (सगळे त्यांना आप्पा म्हणत) यांनी महायुद्ध संपल्यावर बेळगावच्या छावणीतल्या लिलावात एक लष्करी लारी घेतली होती. ती वाजतगाजत वखारीत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. आता एक तप उलटल्यावर ती चालू व्हायची होती आणि तीत प्रथम मामलेदारसाहेब बसायचे होते. मिस्त्रींना लारी चालू करायला बोलावलं होतं. मी पुण्याच्या एका वृत्तपत्रात अधूनमधून लिहितो, म्हणून मला त्या सोहळ्याचं वर्णन करायला बोलावलं होतं. कोणाचं काम अवघड, हे मोटारीत ठरलं नाही.

सुतगट्टीच्या घाटात मोटारीचं एक चाक बसलं. मिस्त्री खाली उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि ड्रायव्हर जे करणार होता तेच त्याला करायला सांगू लागले. संकेश्वरला जोंधळ्याची भाकरी, झणझणीत खर्डा आणि घट्ट दही मिळालं. तिथून पुढे उन्हानं भाजलेली काळी रानं आणि मधूनच आंब्याची गर्द झाडं. तवंदीचा घाट उतरताना निपाणी दिसण्याआधी नाकाला कळली. उतारूंपैकी कोण परका आणि कोण गावचा, हे शिंकांवरून ओळखता येत होतं. मी परका होतो.

आप्पांनी आम्हाला आधी वखारीतच नेलं. ते ठेंगणे, गोरे आणि उत्साही गृहस्थ होते. घरात कोणी नसतानाही फेटा उतरवत नसावेत. वखारीच्या टोकाला तंबाखूच्या बोदांमागे (बोद म्हणजे तंबाखूचं माणसाएवढं पोतं) लारी उभी होती. पहिल्या नजरेला ती लारी वाटलीच नाही. भरीव रबराच्या चाकांपासून टपापर्यंत हळदीकुंकवाचे इतके थर चढले होते की एखाद्या वेशीवरच्या मारुतीला कोणी चाकं लावली असावीत असं वाटावं. दर खंडेनवमीला इथं शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. आप्पांच्या घरी तलवार नव्हती. लष्करातून आलेली अशी एवढीच वस्तू होती, तेव्हा मान तिला मिळाला.

मिस्त्रींनी पुढच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं.

"आप्पासाहेब, ह्यात काय घातलंय?"

"नारळाचं पाणी. दर वर्साला."

"लारीत?"

"मग कुणाला पाजायचं? पूजा तिचीच की!"

"ही गाडी हाय का तीर्थाचा गडू?" असं पुटपुटत मिस्त्रींनी पेटी उघडली.

त्या दुपारी आप्पा मला मांडव दाखवत होते. सोहळा दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा होता. लारी वखारीच्या दारातून रस्त्यापर्यंत जाणार आणि मागे येणार, एवढाच बेत. तेवढ्यासाठी कोल्हापूरहून बँड ठरवला होता. अंतर बँडच्या लांबीपेक्षा फारसं जास्त नव्हतं.

तिथंच आप्पांची थोरली बहीण आली. विधवा बाई, सदलग्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात स्वतः शेती करणारी. ती पायीच आली होती आणि पाणी न पिता बोलू लागली. गावातल्या सगळ्या बैलांना लाळ-खुरकत झाली होती. एकही गाडी जुंपण्यासारखी नव्हती. तिचे बोद मळ्यात उघड्यावर पडले होते आणि दोन दिवस पश्चिमेला ढग जमत होते. भाड्याच्या मोटारवाल्यांनी मळ्याची वाट बघून पाठ फिरवली होती.

"गुंडाप्पा, भिजला तर त्यो तंबाखू ऱ्हात न्हाय रं, चिखुल हुतोय. वर्साचं पीक हाय माजं. तुजी लारी दे."

"देतो की आक्का. उद्याचं पार पडू दे."

"उद्या वळीव आला तर?"

"मामलेदारसाहेब बसल्याबिगर लारी हलायची न्हाय. पत्रिका गेल्यात."

"ढगाला बी एक पाठवायचीस हुतीस," आक्का म्हणाली आणि वखारीत मिस्त्रींपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मिस्त्रींनी टाकी धुतली, नळ्या फुंकल्या, ठिणगी पाडणारं यंत्र सोडवून पुन्हा बसवलं आणि प्रत्येक भागाला बसऱ्याची एकेक गोष्ट सांगितली. कुंकू मिसळलेल्या तेलाच्या थराखाली लोखंड मात्र कोरं निघालं. गंज चढायला जागाच उरली नव्हती. भक्तीचा हा उपयोग मला मान्य करावा लागला.

मग कळलं की हँडल नाही. पुढून घालून इंजिन फिरवायचं ते वाकडं लोखंडी हँडल वखारीत कुठंच सापडेना. अखेर आप्पांनीच सांगितलं की ते देवघरात आहे. पहिल्या खंडेनवमीला ते देवांपुढं मांडलं होतं आणि देवांपुढून उचलायचं कारण नंतर पडलं नव्हतं. संध्याकाळी मुहूर्तावर भटजी ते मामलेदारांच्या हाती देणार होते.

"आदी फिरवून बघाय नगं?" मिस्त्री कळवळून म्हणाले. "साहेबांसमोर नुसतीच उभी ऱ्हायली तर?"

"मुहूर्ताआदी देवाचं हलवायचं न्हाय," आप्पांनी सांगितलं आणि ते बँडवाल्यांची सोय बघायला निघून गेले.

पश्चिमेचे ढग आता काळे झाले होते. आक्का उठली. आम्ही मागोमाग देवघरापर्यंत गेलो. खंडोबाच्या टाकाशेजारी लाल सुतात गुंडाळलेलं हँडल होतं. आप्पांच्या पत्नी, वहिनी, दारात आडव्या आल्या.

"आक्का, अवो देव काय म्हंतील?"

"देवाला सांग, भनीनं नेलंय. भाऊबीजंला भावानं काय घातलं न्हाय, म्हून." तिनं देवाला नमस्कार केला, हँडल पदराखाली घेतलं आणि वहिनींना म्हणाली, "आन् चहा टाक गं. मिस्त्री वाळलाय."

वखारीतले हमाल पाळीपाळीनं हँडल मारू लागले. एकदा ते उलटं फिरलं आणि एक दांडगा हमाल बोदावर जाऊन पडला. मिस्त्रींनी त्याला तो कसा चुकला ते समजावलं, स्वतः फिरवायला गेले आणि त्याच बोदावर पडले. नंतर ते गप्प राहिले, आणि कामाला वेग आला. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि एकदम गर्जलं. मागच्या नळीत साठलेली इतक्या वर्षांची तंबाखूची भुकटी एका ढगात बाहेर पडली. मी शिंकलो. हमाल शिंकले. निपाणीत न शिंकणारी माणसं शिंकताना मी पाहिली. मुहूर्ताची चौकशी करायला आलेले भटजीही शिंकत मागं सरले.

"भटजीबुवा, शिंक झाली. अपशकुन?" मी विचारलं.

"ह्या गावात शिंक धरली तर लगीन तरी लागंल व्हय कुनाचं?"

आवाज ऐकून आप्पा धावत आले. जरीचा शेला एका खांद्यावरून लोंबत होता. लारी दारापर्यंत आली होती, मिस्त्री ड्रायव्हरच्या जागी, आक्का त्यांच्या शेजारी. आप्पा हात पसरून पुढं उभे राहिले.

"आक्का, उतर. माजी अब्रू जाईल गं!"

"माजा तंबाखू जाईल." तिनं आवाज चढवला नाही. "सर तरी, न्हाईतर चड तरी."

आप्पांनी मांडवाकडं पाहिलं, ढगाकडं पाहिलं आणि मग थरथरणाऱ्या लारीकडं. तिचा आवाज त्यांनी लिलावाच्या दिवसानंतर ऐकला नव्हता. ते वळसा घालून आले आणि पायरीवर चढले. मामलेदारांसाठी गादी घातली होती तिथं आक्का बसली होती. ते उभेच राहिले. मी हमालांबरोबर मागे चढलो.

मळ्यात पोचेतो वारा सुटला होता. हमाल, आक्का, मिस्त्री आणि फेटा काढून ठेवलेले आप्पा, सगळेच बोद उचलत होते. शेलाही एका फाटक्या बोदाला बांधायला कामी आला. पहिली खेप वखारीत उतरवून आम्ही दुसरीसाठी परतलो. तीही भरली आणि निघाली. मळ्याची वाट नुकतीच संपली, तोच पहिले टपोरे थेंब पडले. वखारीत शेवटचा बोद उतरला तेव्हा रस्त्यावरून पाणी वाहत होतं. तरी मळ्यात मोजके बोद राहिले म्हणून मिस्त्री ऐकेनात. आम्ही तिसऱ्यांदा गेलो आणि लारी काळ्या मातीत आसापर्यंत रुतली. मिस्त्री म्हणाले की बसऱ्यात असंच व्हायचं. तिथं हे कसं सोडवायचे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आप्पा, आक्का आणि मी चिखल तुडवीत आणि मग वाटेत भेटलेल्या एका टांग्यातून निपाणीला पोचलो तेव्हा गळक्या मांडवात मामलेदारसाहेब खुर्चीवर बसले होते. बँडवाले ढोलांवर घोंगड्या टाकून उभे होते.

"लारी कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"शेतात रुतलीया, साहेब."

"मग समारंभ कशाचा?"

गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पुष्पगुच्छ नाही आणि डोक्याला फेटाही नाही, अशा अवस्थेत आप्पांना बोलण्याची सवय नव्हती. आक्कानं ओला पदर पिळला.

"चहा घ्या, साहेब," ती म्हणाली. "तंबाखू कोरडा हाय."

साहेबांनी चहा घेतला. बरा माणूस होता. बोद रचले होते तिथं जाऊन त्यानं एकावर हात ठेवूनही पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीनं बेळगावला परतलो. मिस्त्री लारी काढायला मागे राहिले. पावसानं धुतल्यामुळं तवंदीचा घाट हिरवा नसला तरी स्वच्छ दिसत होता. आप्पांनी निघताना, बातमीचं काय, असं विचारलं होतं आणि मी पाहू म्हणालो होतो. मोटारीत मी बराच विचार केला. समारंभ झाला नाही, ही वृत्तपत्रांच्या लेखी बातमी नव्हे. मोजके बोद सोडले तर एका बाईचं वर्षाचं पीक भिजलं नाही, हीदेखील नव्हे. तेव्हा ती हकीकत इथं लिहिली आहे.